दिवसा गोष्ट वाचायची नाही

तमाम लहानथोरांना, पाव्हण्यारावळ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि पलंगाखाली पुस्तक घेऊन लपलेल्या एका व्यक्तीला कळवण्यात येते की, आजपासून या घरात सूर्य मावळेपर्यंत कुठलीही गोष्ट वाचली जाणार नाही, सांगितली जाणार नाही आणि काल अर्धी राहिलेली पुरी केली जाणार नाही. जो कोणी दिवसाउजेडी गोष्टीचा हट्ट धरील, त्याचा मामा वाट चुकेल. हुकमावरून!

हा हुकूम मी आमच्या वारूळवाडीच्या घरात, स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं तोंडाला लावून वाचला होता. पातेल्यात आवाज ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखा घुमतो. मुलगी तेव्हा सहा पुरी करून सातव्यात होती, मुलगा साडेतीनचा. पातेल्यातला बाप बघून दोघं इतकी हसली की मुलाला उचकी लागली. हुकूम त्यांना मान्य झाला. नुसता मान्य नाही, पाठ झाला. मुलगी कंबरेवर हात ठेवून भावाला दरडावायची, "दिवस आहे अजून. आपला मामा वाट चुकेल ना!" आणि मी आडवा पडून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. दुपारची झोप सुटली होती.

ही म्हण काही मी काढलेली नाही. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. दिवसा बायकांच्या मागं कामं असतात, पोरांनी गोष्टीसाठी पदर धरून बसू नये, म्हणून कुणा शहाणीनं केलेली ती सोय. पण एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. माझ्या आईला भाऊ नव्हता. मला मामाच नव्हता. त्यामुळं आई हे म्हणायची तेव्हा मी बिनधास्त म्हणायचो, "चुकू दे." ज्याला मामा आहे त्याच्या कानाला हे कसं लागतं, ते मला माहीत असायचं कारण नव्हतं.

आणि माझ्या पोरांना एकच मामा होता.

मी लग्नात बोलतो. आमच्या भागात माईकवाल्या माणसाशिवाय लग्न लागत नाही. नारायणगावपासून मंचरपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात उभा राहून मी सहा-सहा तास सांगतो की अमुक गावच्या माजी उपसरपंचांचं मंडपात आगमन झालेलं आहे, आणि कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये. लग्नसराई नसली की बी-बियाणांच्या दुकानात बसतो, तिथंही बोलतोच. बायको मंचरच्या एका दवाखान्यात नर्स. तिची ड्युटी दुपारी दोनपासून, घरी यायला रात्रीचे दहा. म्हणजे जेवू घालणं, दात घासणं आणि गोष्ट ही माझी खाती.

त्या गोष्टींची मजा मी कुणाला सांगू? पाच हजार वऱ्हाडासमोर बोललोय, पण त्या दोन श्रोत्यांसारखे श्रोते नाहीत. मगरीचा आवाज काढला की मुलगा आपणहून पाय पुढं करायचा, "खा." खाल्ला की दुसरा पाय. मुलगी वकील. "काल तू 'हळूच आला' वाचलंस. आज 'हळूहळू आला' वाचतोयस. कुठलं खरं?" पुस्तकात बघावं लागायचं. तिला तोवर थोडं वाचता येऊ लागलं होतं. बोट ठेवून ती मला पकडायची.

आणि थकवाही तसलाच. वैशाखात दिवसाला दोन लग्नं असली की रात्री साडेआठला घशात वाळू असायची. एकदा वाचता वाचता मला झोप लागली, पण तोंड चालूच राहिलं. मुलीनं दुसऱ्या दिवशी आईला जसंच्या तसं करून दाखवलं: "मग हत्ती नदीवर गेला, सोंडेत पाणी घेतलं, आणि तरी सर्व पाव्हण्यांना नम्र विनंती आहे की त्यांनी आपल्या चपला सांभाळाव्यात." बायको हसून हसून भिंतीला टेकली. मला काहीच आठवत नव्हतं. पानं चोरायची युक्ती मी दोनदा केली, दोन-दोन पानं एकदम उलटून. दोन्हीदा पकडला गेलो आणि दंड म्हणून पहिल्यापासून वाचावं लागलं. खरं सांगतो, अशा रात्री मला त्या दोघांचा राग यायचा. पोरं कानात जीव आणून बसलीत आणि बाप मनात म्हणतोय, मर ना एकदाचा, हत्ती.

पुस्तकं आणायचा त्यांचा मामा.

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, महाळुंगे पडवळचा. तिथं घरी त्याची आई, तो आणि त्याची बायको. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्याची पिकअप होती. गावातला भाजीपाला भरून पुण्याला जायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचा. येताना पुण्यातल्या एका रद्दीवाल्याकडून पोरांसाठी पुस्तकं आणायचा. शाळा आठवीत सुटलेली, वाचायचा कंटाळा, त्यामुळं निवड चित्रावरून आणि जाडीवरून. मला म्हणायचा दाजी, मुलीला मास्तरीणबाई आणि मुलाला पैलवान.

एकदा आला तो छातीशी एक जाडजूड पुस्तक धरून.

"दाजी, ह्ये बघा. कोंबडीची गोष्ट हाय. लई जाड हाय, म्हैनाभर पुरंल."

मी उघडून बघितलं. कुक्कुटपालनाचं पुस्तक. शेडची उंची, खाद्य, रोग आणि उपाय.

"अरे राव, ही गोष्ट नाही. हे कोंबड्या पाळायचं पुस्तक आहे."

"मंग काय झालं? तुमी वाचा की. तुमी लग्नपत्रिका वाचली तरी पोरं हसतील."

आणि तसंच झालं. एवढ्या रंगीत पुस्तकांतून पोरांनी निवडलं ते हेच, आणि त्यातलं प्रकरण कुठलं, तर राणीखेत. कोंबड्यांचा तो रोग आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, शेडच्या शेड झोपवतो. पण पोरांनी त्यातली राणी तेवढी उचलली. झालं, आमची राणीखेत आली. हिरवी साडी, अनवाणी, पाऊल वाजत नाही. पुस्तकातली वाक्यं मी जशीच्या तशी ठेवली, फक्त आवाज खोल केला. "मान वाकडी होणे. पंख लुळे पडणे." मग थांबायचं, कारण पुढचा शब्द मुलाचा होता. तो पलंगावर उभा राहून ओरडायचा, "हिरवट हगवण!" आणि गादीत कोसळायचा. मुलगी कोसळायची नाही. ती विचारायची, "तिला कुणी अडवत कसं नाही?" मग मी उपायाचं पान काढायचो. सातव्या दिवशी पिलाच्या डोळ्यात लशीचा एक थेंब. त्यानंतर ती पेल्यात बोट बुडवून भावाच्या डोळ्यात पाण्याचा थेंब सोडायची आणि मला म्हणायची, "आता वाच पुढं. आता ती काही करू शकत नाही."

तो उन्हाळा होता. मुलीला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, बाहेर जायचं नाही, खाजवायचं नाही. बायको दुपारी ड्युटीला गेली, मुलगा जेवून झोपला. त्या दिवशी लग्न नव्हतं, दुकानाला सुट्टी. मी फरशीवर उघड्यानं पडलो होतो.

"पप्पा, एकच."

"दिवस आहे."

"माझं अंग खाजतंय. गोष्ट चालू असली की खाजत नाही."

"मामा वाट चुकेल."

ती अंथरुणावरची कडुलिंबाची पानं मोजायला लागली. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाली, "मामाला फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर.

"मामा, तू कुठंयस?"

"घरी हाये की, मास्तरीणबाई. का गं?"

"खरं सांग. गाडीत नाहीस ना?"

"न्हाई गं बाय."

"आज कुठं जाणार पण नाहीस?"

"न्हाई जात. आज कुटंच न्हाई जात. काय झालंय तरी?"

"काही नाही. ठेव." आणि मला म्हणाली, "वाच आता. तो घरातच आहे. घरातला माणूस वाट कसा चुकेल?"

मी उठून बसलो आणि चक्क टाळ्या वाजवल्या. असा युक्तिवाद मी बाकी कुणाकडून ऐकला नाही. दुपारचे अडीच वाजले होते. पडदे ओढून मी राणीखेत अशी वाचली, अशी वाचली, की तशी आधी कधी जमली नव्हती. टॉवेल डोक्यावरून घेऊन राणी झालो. मुलगी फोडांवरून हात फिरवायचं विसरून ऐकत राहिली आणि शेवटी झोपली.

संध्याकाळी सातला फोन वाजला. मामाचा चुलतभाऊ.

"दाजी, गाडीनं रस्ता सोडला."

मंचरच्या पुढं, हायवेवर. कोथिंबिरीच्या जुड्या भरून तो चारला निघाला होता. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडं उतरत गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. तो जागेवरच गेला.

हे सगळं मला नंतर कळलं. फोनवर मी पहिली गोष्ट केली ती ही, की ऐकलेलं वाक्य मोठ्यानं परत म्हणालो. माझा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला तयार झालेला आहे. "रस्ता सोडला? मामाच्या गाडीनं? कुठं सोडला रस्ता?" मागं वळलो तर मुलगी दारात उभी. अंगावर निळं औषध लावलेले फोड, हातात कडुलिंबाची डहाळी.

मी तिला जवळ घेतलं. तिनं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, हिला कळलं नाही.

कांजिण्यांमुळं तिला अंत्यविधीला नेलं नाही. दहाव्याला नेलं, तेव्हा खपल्या धरल्या होत्या. त्या दिवसांत जो येईल तो एकच वाक्य बोलायचा. "टायर नवीन व्हते. गाडी सर्व्हिसिंग केलेली. रस्ता सरळ. मंग रस्ता सोडला कसा?" माझी सासू भिंतीकडं बघून म्हणायची, "माझा पोरगा रस्ता सोडणारा न्हाई. डोळे झाकून गाडी नेली आसती त्यानं ह्या रस्त्यानं." त्याची बायको, म्हणजे मामी, आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हती. माझी मुलगी मोठ्या माणसांच्या मध्ये बसून हे ऐकत होती. पुन्हा पुन्हा, प्रत्येकाच्या तोंडून. रस्ता सोडला, रस्ता सोडला. लहान मुलाला याचा अर्थ एकच. वाट चुकला.

पण हे मी आज लिहितोय. तेव्हा मला काही सुचलं नाही.

घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी पुस्तक काढलं. मला वाटलं, आता जरा हसू दे पोरांना. पहिलं वाक्य वाचलं आणि मुलीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तिला दिसलं की भाऊ ऐकतोय. तिनं स्वतःच्या कानांवरचे हात काढले आणि त्याच्या कानांवर ठेवले. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुस्तकच जागेवर नव्हतं. सगळी पुस्तकं तिनं गोणपाटात भरून माळ्याच्या जिन्याखाली नेऊन ठेवली होती. मामानं आणलेली पुस्तकं बघून तिला तो आठवतो, असं आम्ही ठरवलं. बायकोला तर ते बघून बरंच वाटलं. तिलाही ती पुस्तकं नको होती.

मग एका रात्री अंथरुणात मुलीनं विचारलं, "पप्पा, आपल्याकडं रात्र असली की दुसरीकडं दिवस असतो ना?"

मला कोण आनंद! पोरगी बोलली. मी उठलो, स्वयंपाकघरातून बटाटा आणला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि पृथ्वी फिरवायला लागलो. "हे नारायणगाव, इथं अंधार. आणि हे बघ, बटाट्याच्या मागं, इथं आत्ता ऊन पडलंय, लोक कामाला चाललेत." मुलगा टाळ्या पिटत होता. मी बटाट्याचा सूर्योदय केला, सूर्यास्त केला, ग्रहणसुद्धा केलं.

"म्हणजे कायमच कुठंतरी दिवस असतो," ती म्हणाली.

"कायम!"

ती भिंतीकडं तोंड करून झोपली. त्या रात्रीपासून तिनं 'एकदा काय झालं' एवढे शब्दसुद्धा घरात कुणाला बोलू दिले नाहीत. तिच्या हिशेबानं आता गोष्टीला सुरक्षित वेळच उरली नव्हती. तेवढी एक रात्रीची होती, ती मी बटाटा घेऊन काढून टाकली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी बोलावलं. "गोष्टीच्या तासाला वर्गातून पळून जाते. काल तर दुसऱ्या मुलांना ओढत बाहेर नेत होती. विचारलं तर म्हणते, यांचे मामा आहेत अजून." बाईंना काही उलगडलं नव्हतं. मी मान हलवून बाहेर आलो. गाडीला किक मारताना ते वाक्य डोक्यात फिरत होतं, पण मला ते समजून घ्यायचं नव्हतं. माणसाला कधी कधी कळतं आणि तो कळू देत नाही.

त्याच संध्याकाळी मुलानं ते सोडवून टाकलं. जेवताना तो म्हणाला, "पप्पा, गोष्ट वाच."

बहीण म्हणाली, "नाही."

"वाच. आत्ता पण वाच आणि उद्या दुपारी पण वाच. आता कुठं आपल्याला मामा आहे? आता कधीपण वाचलं तरी चालतं."

चार वर्षांच्या पोरानं हे आनंदानं सांगितलं. त्याला वाटलं, त्यानं मोठी अडचण दूर केली. बहिणीनं त्याच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की भाताचा घास उडून माझ्या शर्टावर पडला. मग ती स्वतःच आरडाओरडा करत ताटावर डोकं आपटायला लागली. मी तिला उचललं तेव्हा ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती, "मी त्याला विचारलं होतं. तो घरात आहे म्हणाला होता. मी विचारलं होतं."

मी तिला सगळं सांगितलं. मामा वाट चुकतो हे खोटं आहे. मला झोपायचं असायचं म्हणून मी ते सांगत होतो. माझ्या आईला भाकरी करायच्या असायच्या म्हणून ती सांगायची. पातेलं, हुकूम, सगळं नाटक होतं. तिनं ऐकून घेतलं.

"तू तेव्हा खोटं बोललास की आत्ता बोलतोयस?"

आयुष्यभर आवाज बदलून बोलणाऱ्या माणसाचा खरा आवाज कुठला, हे पोरीनं कशावरून ओळखावं?

रात्री बायकोला सांगितलं. ती हातातला डबा न ठेवता उभीच राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दुपारी वाचलं होतंत?"

"अगं, तिला कांजिण्या…"

"वाचलं होतंत का?"

"हो."

ती नर्स आहे. रोज माणसं कशानं मरतात ते तिला माहीत असतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला पायाखाली फरशी गार लागली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आणि लाज सोडून हेही लिहितो, की त्या दोन दिवसांत मी स्वतः मोजत होतो. अडीचला सुरू केलं. सव्वातीनला संपलं. तो चारला निघाला. टॉवेलचं नाटक केलं नसतं तर तीनलाच संपलं असतं. मग काय झालं असतं? काहीच झालं नसतं. तरी मी मोजत होतो. आणि त्यातही एक गोष्ट जुळत नव्हती. आज कुठंच जात नाही, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. मग दीड तासात निघाला कसा?

मुलीनं आपला निर्णय घेतला होता. "मला मामीला सांगायचंय."

बायको म्हणाली, "मुळीच नाही. तिचं तिला थोडं आहे का? त्यात पोरीचं हे खूळ घेऊन तिच्या दारात जायचं?"

मुलीनं वाद घातला नाही. झोपणं सोडलं. आठला अंथरुणात जायची आणि डोळे उघडे ठेवून पडायची. बायको दहाला यायची तेव्हाही उघडेच. मी मांडीवर घेतलं, गाणी म्हणून झाली, पाठ चोळून झाली. गोष्ट तेवढी सांगता येत नव्हती, आणि पोरं झोपवायची दुसरी विद्या मला येत नव्हती. पाठीची हाडं दिसायला लागली. शाळेत डोकं बाकावर टाकून झोपायची आणि दचकून उठायची. असे दोन महिने निघाले. एका सकाळी बायकोनं तिची वेणी घालता घालता मध्येच हात थांबवला आणि मला म्हणाली, "रविवारी चला."

महाळुंग्याला पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. अंगणात रिकामी क्रेट एकावर एक रचून ठेवलेली. सासू दारातल्या खाटेवर बसून घेवडा निवडत होती.

"या पावणं. लई दिसांनी वाट गावली."

हे वाक्य आमच्याकडं कुणीही म्हणतं. मुलगी उंबऱ्याबाहेरच थांबली.

मामी बाहेर आली. मी तिला दहाव्यानंतर पहिल्यांदाच नीट बघत होतो. पंचविशीतली पोरगी, हसली की आधी गालाला खळी पडायची. तिनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. सासू आणि ती एका घरात राहत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासू घेवड्याशी बोलत होती. "सरळ रस्ता. नवे टायर. कुणाची नजर लागली म्हणावं?"

मामी चहाला वळली, तेवढ्यात मुलगी पुढं झाली.

"मामी, तू मला मारलंस तरी चालेल."

"का गं? काय झालं माझ्या बाईला?"

"मी दुपारी गोष्ट ऐकली. त्या दिवशी. दिवसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो. मी मामाला फोन केला होता, तो घरी आहे म्हणाला, म्हणून मी ऐकली. मग तो वाट चुकला."

मामीला काही समजेना. ती माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, कसलाही आवाज न लावता: दुपारच्या गोष्टीचं, हुकमाचं, आणि पोरगी दोन महिने झोपली नाही त्याचं. सासूचा हात घेवड्यात थांबला. ती नातीकडं बघत हळूच म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगूच न्हाई. मोठी माणसं उगाच म्हणत न्हाईत."

बायको ओरडली, "आई!"

मुलगी हलली नाही. तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं होतं. तिनं नुसतं मामीसमोर तोंड वर केलं आणि डोळे मिटून घेतले, मार खायला.

मामीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती मुलीकडं बघत नव्हती, खाटेवरच्या सासूकडं बघत होती. मग ती इतक्या मोठ्यानं बोलली, की पलीकडच्या घरातली बाई दारात आली.

"ह्या लेकराचं काय बी न्हाई! दोन राती गाडी चालवून झोपले व्हते ते, न्हाई जात म्हणत व्हते, कोथमीर सुकंल म्हणून मीच पाणी मारलं त्यांच्या तोंडावर, मीच उठवलं त्यांना!"